सर्वो बदलण्याआधी बाबांचा ट्रान्झिस्टर

"मामा, ट्रिगर ओढला की पुढची चाकं थरथरतायत." भाच्याने त्याच्या रिमोट कंट्रोलच्या गाडीबद्दल एवढं सांगितल्यावर मी सरळ बुधवार पेठेत गेलो आणि नवा मेटल गिअरचा सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारं छोटं यंत्र, घेऊन आलो. तो बसवला, तरी थरथर तशीच. जुन्या सर्वोत काहीच बिघाड नव्हता.

गाडी १:१० मापाची, ब्रशवाल्या मोटरची. मोटरच्या दोन वायरी स्पीड कंट्रोलरपासून (मोटरला कमी-जास्त वीज देणारी डबी) सोडवल्या आणि ट्रिगर ओढला, तर चाकं एकदम गप्प. वायरी जोडल्या की पुन्हा सुरू. म्हणजे त्रास मोटरचाच. मोटरच्या आतले ब्रश आणि त्यांना घासत फिरणारा कॉम्युटेटर यांच्यामध्ये सतत बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट सर्वोच्या वायरीत शिरतो. रिमोटचा हुकूम झेलणारा गाडीतला रिसीव्हर सर्वोला सेकंदाला साधारण ५० वेळा एक पल्स पाठवतो. ती १.५ मिलिसेकंदांची असली की चाकं सरळ, १ आणि २ ही दोन टोकं. त्यात १० मायक्रोसेकंदांची गडबड झाली तरी सर्वोचा हात जवळपास एक अंश हलतो. सर्वो बिचारा हुकूम पाळत असतो, हुकूमच खराब येत असतो.

हा गोंगाट कानांनी ऐकता येतो. बाबांचा जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून मोटरजवळ धरला, तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मग नीट बघितलं. हा गोंगाट दाबायला मोटरवर लावलेल्या तीन कपॅसिटरपैकी एकाचा पाय हादऱ्यांनी तुटला होता. ०.१ मायक्रोफॅरडचे, '१०४' छापलेले सिरॅमिक कपॅसिटर असतात हे. एक दोन्ही टर्मिनलांच्या मध्ये, आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला एकेक. डब्याला सोल्डरचा डाग धरत नाही म्हणून आधी कानशीने घासून घ्यायचं आणि जरा मोठं, ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरायचं. नवा कपॅसिटर लावल्यावर खरखर अगदी मंद झाली आणि चाकं स्थिर झाली. (ब्रशलेस मोटरला हे कपॅसिटर लावायचे नाहीत, स्पीड कंट्रोलर खराब होईल.) मोटरच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधल्या, सर्वोची वायर त्यांच्यापासून लांब नेली.

पण नव्या सर्वोने दुसरंच दुखणं आणलं. जागच्या जागी चाकं पूर्ण वळवली की सर्वो आचके द्यायचा आणि रिसीव्हरचा दिवा क्षणभर विझायचा. हा गोंगाट नव्हे, ही उपासमार. ताकदीचा सर्वो अडला की दोन-अडीच अँपिअर सहज खेचतो आणि स्पीड कंट्रोलरमधला छोटा बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग) तेवढं देऊ शकत नाही. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमध्ये खोचला, प्लस-मायनस दोनदा तपासून. झटके कमी झाले, गेले नाहीत. क्षणाची टंचाई तो भागवतो, कायमची नाही. शेवटी ५ अँपिअरचा वेगळा बीईसी लावला आणि स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरला येणारी लाल वायर काढून इन्सुलेट केली, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात.

खरोखर झिजलेला सर्वो कसा ओळखायचा, हे मला माझ्या जुन्या बग्गीने शिकवलं. ती मोटर बंद असतानाही थरथरायची, पण फक्त चाकं सरळ असताना. सर्वोच्या पोटात हाताची जागा मोजणारा पॉट असतो. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, म्हणून त्याची कार्बनची पट्टी बरोबर मध्यावर झिजते. रिमोटवरचा ट्रिम (चाकांचा मध्य इकडे-तिकडे करणारं बटण) थोडा सरकवला आणि थरथर थांबली, तर दोष तिथेच. हॉर्न, म्हणजे सर्वोचा हात, एक दाता सरकवून (२५ दात्यांच्या शाफ्टवर १४.४ अंश) रिमोटमधल्या सबट्रिमने चाकं पुन्हा सरळ केली की मध्य पट्टीच्या कोऱ्या भागावर येतो. काही महिने निघतात.

आणि डिजिटल सर्वो नुसता गुणगुणत असेल तर आधी स्टिअरिंगचा दांडा सोडवून बघा. माझ्या बग्गीत एकदा बॉल-जॉइंटमध्ये वाळू अडकली होती. ती ब्रशने झाडल्यावर सर्वो शांत झाला.

भाच्याचा जुना सर्वो डबीत जपून ठेवलाय. त्याच्या पुढच्या गाडीत तोच बसणार.