वाइंडिंग अर्धवट ठेवून

राहुरी तालुक्यात मोटारी भरायचं, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवी तार गुंडाळायचं, माझं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक मला मिस्त्री म्हणतं, चर्चची मंडळी पाळकसाहेब. आमची मंडळी स्वतंत्र, कुठल्या डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, जोडलेली नाही, त्यामुळे पाळकाचा पगार वरून येत नाही. घर दुकानावर चालतं.

कांद्याला पाणी द्यायचे दिवस होते. एका शेतकऱ्याची विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळून आली होती. थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्री दहाला यायची, म्हणून तो दुकानातच बसून राहिला. जळकी तार उपसून झाली होती, निम्म्या खाचांत नव्या कॉइल बसल्या होत्या, आणि फोन आला. मंडळीतल्या एक मावशी गेल्या. चार वाजता माती.

शेतकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन या मिस्त्री, पण रात्रीची पाळी चुकवू नका. कांदा माना टाकतोय." रॉकेलने हात धुतले. तरी नखांतलं वॉर्निश जात नाही. त्याच हातांनी शास्त्र उघडलं, गीत झालं, पेटी खाली उतरली, मी पहिली मूठ माती टाकली.

माती देऊन परतल्यावर मावशींच्या ओट्यावर चहा आला आणि मंडळीच्या पंचकमिटीतले एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "शेवटच्या प्रार्थनेला पाळक नव्हता, हे काही बरं झालं नाही."

"पाळक दुकानात होता," मी म्हणालो.

मग विषय मानधनावर आलाच. तो दरवर्षी हंगामाच्या सणाला निघतो. अर्पणातल्या कोंबड्या, गहू, नारळ यांचा लिलाव होतो, एकेक नारळ चढाओढीने भलत्याच भावाला जातो, आणि पैसे छपराच्या पत्र्यांसाठी बाजूला पडतात. पाळकाचं 'पुढच्या वर्षी बघू'. काकांचं उत्तर ठरलेलं, बायबलमधल्या प्रेषित पौलाचं: "पौल तंबू शिवत होता." शेजारच्या निवृत्त गुरुजींनी भर घातली, "ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडलाच की."

एरवी मी गप्प बसतो. त्या दिवशी बसलो नाही. म्हणालो, "गुरुजी, टिळकांना सोडायला पगार तरी होता."

पौलाचं मात्र नीट वाचायला हवं. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबूचं काम करत होता, हे खरं. पण त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढा. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढायला जातो का, द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का, मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये असं नियमशास्त्र सांगत नाही का, असे प्रश्नांमागून प्रश्न तो टाकतो. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं असं प्रभूनेच ठरवलंय, असं बजावतो. आणि एवढा हक्क सिद्ध करून मग म्हणतो, मी तो वापरला नाही. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने घेतलीही. घ्यायचं की नाही, हे तो ठरवत होता. मंडळीने पौलाचं नाव सांगून स्वतःचा हात आखडता घ्यावा, असं त्या पत्रात कुठेही नाही.

दुकानाचा एक फायदा मी नाकारत नाही. सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्याच्या घरात हुंड्याची बोलणी चालली होती, तेव्हा मी उपदेशात नाव न घेता सगळं बोललो. माझी चूल त्याच्या वर्गणीवर असती, तर जीभ तितकी सैल सुटली असती का, सांगता येत नाही. म्हणून दुकान मी पूर्ण बंद करणार नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी दिवसा पाळक हवा असेल, तर त्या दिवसाची मजुरी कुणीतरी भरायला हवी. ती आजवर माझी बायको भरत आली, शिलाई मशीनवर.

काका काही बोलले नाहीत. खजिनदाराने विचारलं, "आणायचे कुठून?" मी म्हणालो, "पत्र्यांचे आणले तिथून."

रात्री मोटार जोडून दिली तेव्हा लाइट येऊन तास झाला होता. शेतकऱ्याने मजुरी रोख मोजली, घासाघीस न करता.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. आठवड्यातले दोन दिवस दुकान बंद, त्याबदली दरमहा मानधन, वहीत रीतसर नोंद. मागच्या महिन्याचं अजून आलेलं नाही. मी ते सोडलेलं नाही.