लोहगाव १९६१, भाग ७: शिशाने नाक फोडलं

नाक फुटलंय. कॅनबेराचं, म्हणजे पुण्याच्या लोहगाव तळावरून १९६१ मध्ये गोव्यावर गेलेल्या बॉम्बफेकी विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल मी बांधतोय, त्याचं. माझंही म्हणा हवं तर, कारण गेल्या वर्षी मार्चमध्ये मीच छाती फुगवून लिहिलं होतं की शेपटीवर बसायचा (नाक हलकं म्हणून मॉडेल मागे कलंडायचा) प्रॉब्लेम कायमचा मिटला, आता फक्त रंग आणि बेस (खालचा देखावा).

परवा रविवारी डबा उघडला (पावसाळ्यात मी एअरब्रशला हात लावत नाही, ठाण्याच्या हवेत प्रायमर वाळतच नाही) तर नाकाचा खालचा सांधा पार नोजव्हीलपर्यंत उकललेला, नख आत जाईल एवढी फट, पुढची काच बाहेर ढकललेली आणि फटीतून पांढरं काहीतरी डोकावतंय. आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "अरे बुरशी आलीय त्याला, टाकून दे." बुरशी नव्हती. बुरशी असती तर ब्रशने झाडून मोकळा झालो असतो.

ज्यांनी बी(आय)५८ (कॅनबेराचा आपल्या हवाई दलाचा प्रकार) बांधलंय त्यांना माहितीये, या विमानात वजन ठेवायला जागाच नाही. पुढे काचेचं नाक, तिथे नेव्हिगेटर पालथा पडून बॉम्बचा नेम धरायचा, वर मधोमध नाही तर डावीकडे बसवलेली पायलटची कॅनॉपी (काचेचा घुमट), खाली नोजव्हीलचा खड्डा. (पायलटला इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नाही. त्याने उजवीकडच्या दारातून उडी मारायची. ते एवढंसं दार चिकटवताना दरवेळी पोटात कसंतरी होतं.) आणि मागे ही लांबलचक शेपटी. माझ्या हिशोबाने नाकात ४० ग्रॅम तरी हवेत. शिशाचे ४० ग्रॅम म्हणजे साडेतीन सीसी, कसेबसे मावतात, म्हणून चेंदणी कोळीवाड्यातून जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी आणले, हातोडीने चेपले, पायलटच्या फ्लोअरखाली कोंबले आणि हलू नयेत म्हणून वरून सुतारकामाचा पांढरा गम ओतला. तिथेच माती खाल्ली.

कळव्याच्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचा उलट एकच प्रश्न, "पांढरा गम वापरलास ना?" हा गम म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. वाळताना आणि वाळल्यावरही तो थोडं थोडं ॲसिटिक ॲसिड सोडत राहतो, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच. बंद नाकात ते कोंडतं, शिशाला खातं, मग हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं पांढरं कार्बोनेट तयार होतं, आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतं. प्लास्टिक किती ताण सोसणार! दोन पावसाळे सोसलं तेच खूप. गंमत म्हणजे पूर्वी रंगातला सफेदा मुद्दाम याच पद्धतीने बनवायचे, शिशाच्या गुंडाळ्या, व्हिनेगर आणि उबेसाठी शेण असं एकावर एक रचून. म्हणजे मी दीड वर्ष १/७२ मध्ये सफेद्याचा कारखाना चालवत होतो.

एक सांगायचंच आहे, गमाने विमान उलण्यात मी पहिला नाही. लोहगाव स्टेशन १९३९ चं, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी घाटावर उभारलेलं, आणि महायुद्धात तिथे व्हेंजन्स आणि वेलिंग्टन या बॉम्बफेकी विमानांबरोबर मॉस्किटोही होती. मॉस्किटो म्हणजे लाकूड आणि गमच. १९४४ मध्ये आपल्याकडच्या हवेत मॉस्किटोंच्या पंखांचे सांधे सुटायला लागले, अपघात झाले, उड्डाणं थांबवून तपासणी करावी लागली. आधी सगळा ठपका गमावर, नंतर कारखान्यातल्या जोडणीवर. मी दोन्हीकडे दोषी आहे, गमही चुकला आणि जोडणीही माझीच.

असो, ऑपरेशन. हातमोजे आणि मास्क घालून रेझर सॉने (बारीक दातांच्या करवतीने) नाक कॉकपिटच्या मागे कापलं. ही पावडर विषारी आहे, कोरडी घासू नका, फुंकू तर अजिबात नका, ओल्या टिश्यूने पुसून टिश्यू पिशवीत बांधा. मणी काढून ज्या वाटीत ठेवले ती स्वयंपाकघरातली होती हे आईच्या लक्षात आलं, पुढचं लिहीत नाही, वाटी आता माझी आहे. सॉ ऑनलाइन मागवलेला, दुसऱ्या पॅनेललाच पातं वाकलं. शेवटी हार्डवेअरवाल्याकडच्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा मोडून घेतला, हजार रुपयांच्या सॉपेक्षा तो सरळ कापतो.

शिसं बाद, मग आता काय? टंगस्टन पुट्टी बेस्ट, पण तिचा भाव बघून टॅब बंद केला. नौपाड्यातल्या सायकलवाल्याकडून छर्रे आणले, मूठभर, पैसेही घेतले नाहीत. पण पोलाद शिशापेक्षा हलकं, ४० ग्रॅमला पाच सीसी, आणि छर्ऱ्यांमधल्या पोकळ्या धरल्या तर आठ. फ्लोअर खालून पातळ केला, पायलटच्या सीटमागची जागा खाल्ली, दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीत छर्रे पूर्ण बुडवले (हवा लागली तर गंजतील) तरी २७ ग्रॅमच बसले. उरलेले १३ इंजिनांच्या तोंडाशी टाकू म्हटलं, पण नाक मुख्य चाकांपासून ९ सेंटीमीटर पुढे आणि नॅसेलमधली (इंजिनाच्या खोळीतली) जागा जेमतेम ३, म्हणजे तिथे तिप्पट लागणार, ३९ ग्रॅम, आणि दोन्ही नॅसेल मिळून मावले २४. ड्राय फिट (न चिकटवता जोडणी) केलं, विमान तीन चाकांवर उभं राहिलं, मी जागेवरच टाळी वाजवली, आणि टाळीच्या हवेने शेपटी खाली. नॅसेलमधले २४ म्हणजे नाकातले ८, त्यामुळे नाकाच्या भाषेत ५ ग्रॅम कमी.

बेसला चाकं पिनने ठोकून टाक असं तुम्ही सांगणार. मला ते नको, मॉडेल उचलून हातात देता आलं पाहिजे.

आणि मग भांडी घासताना सुचलं. मी सीन कुठला करतोय? गोवा मुक्तीची कारवाई, १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ, विमानं टॅक्सी करतायत. भाग १ पासून तेच डोक्यात, कारण गोष्टच तशी आहे, ३५ स्क्वाड्रनचे विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा, काही मिनिटांत गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब, म्हणजे विमानामागे सव्वापाच हजार. मग १६ स्क्वाड्रनच्या विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या ८ कॅनबेरा. हंटर लढाऊ विमानं बेळगावजवळच्या सांब्र्याहून गेली, बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर. टर्मिनलला धक्का लावायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून ॲप्रनवरची दोन वाहतूक विमानं शाबूत राहिली आणि पोर्तुगीजांनी रात्रीत खड्डे थोडेफार बुजवून ती कराचीला पळवली. पोर्तुगीज १९ तारखेला शरण आले.

पण हे सगळं झालं दाबोळीत. लोहगावचं काम होतं आदल्या रात्रीचं, सव्वापाच हजार पौंड प्रत्येक विमानावर चढवायचं. मग रात्रच का दाखवू नये? बॉम्ब बे उघडा, आठ-दहा एअरमन, एक ट्रॉली पुढे, आणि दुसरी मागे, तोफांच्या पॅकखाली, तोफगोळ्यांचे खोके घेऊन. मागच्या ट्रॉलीच्या खोक्यांतून एक सुई वर, पोटाला नुसती टेकलेली. ५ ग्रॅमचा प्रश्न खलास, विमान बेसला अडकलेलं नाही, पाहिजे तेव्हा उचला. पायलट आणि कॅनॉपीवर केलेलं महिनाभराचं काम मात्र रात्रीच्या कव्हरखाली जाणार. वाईट वाटतंय, कारण ती कॅनॉपी या बिल्डमधली एकमेव गोष्ट आहे जी पहिल्या फटक्यात जमली, २००० नंबरचा पॉलिश पेपर, मग साधी पांढरी टूथपेस्ट, मग जुनी बनियन, आणि आता तिच्यातून वर्तमानपत्रातलं बारीक टाइप वाचता येतं. खरं तर कव्हर अर्धंच ओढून ठेवीन. मॉडेल माझं आहे.

बेसचा प्लॅनही बदलला. धावपट्टीचा लांब पट्टा रद्द, फक्त डिस्पर्सलचा (विमान उभं करायच्या जागेचा) चौकोन, ३० बाय ३०, कारण कॅनबेराच २७ सेंटीमीटरचं आहे. फोटोंची बोंब आहेच, लोहगावला प्रवासी विमानात बसलं तरी फोटो काढू नका म्हणून आधी सांगतात. मागे पुण्याहून दिल्लीला जाताना खिडकीतून सुखोई टॅक्सी करताना दिसलं तर माझं लक्ष खाली काँक्रीटच्या सांध्यांवर, डांबर कुठे भरलंय आणि गवत कुठे उगवलंय तेच डोक्यात भरून आणलं. आमच्या कोलशेतलाही एअर फोर्स स्टेशन आहे, पण धावपट्टी नाही, त्यामुळे अभ्यासाला उपयोग शून्य. स्लॅबसाठी ६०० चा पॉलिश पेपर ठरला, करड्या प्रायमरखाली बरोब्बर दिसतो.



आता नाक परत चिकटवलंय, सांधा एमसीलने भरलाय, २४ तास हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलंय आणि दोनदा लावून झालाय. ट्रॉलीच्या चाकांसाठी आईच्या बटणांच्या डब्यात शोधतोय, आठ सारखी हवीत, सहा सापडलीत.