गाडीवर की गाडीत?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. माझी नोकरी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आहे आणि दुपारच्या पाळीसाठी मी ऐन उन्हात दुचाकीवर असतो, त्यामुळे डांबरावरून आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचांवरून उठणारी तिरीप थेट डोळ्यांत जाते. जुना गॉगल रस्त्याकडेचा, दीडशे रुपयांचा होता. त्याची दांडी मोडली, तेव्हा या वेळी नीट चौकशी करूनच घ्यायचा असे ठरवून मी शहरातल्या एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात गेलो.

तिथल्या मुलाने अदबीने बसवले, पाणी दिले, ट्रे पुढे ठेवला. कोणती फ्रेम चालते, कोणत्यावर किती सूट आहे, हे त्याला तोंडपाठ होते. मी विचारले, "ही काच पोलराइज्ड आहे, की नुसती यूव्ही ४०० आहे?" तो म्हणाला, "दोन्ही एकच असतं, सर."

दोन्ही एकच नसते. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच. पोलराइज्ड म्हणजे रस्ता, पाणी, गाडीचे बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परतणारी चमक कापणारी काच. अतिनील किरण तर पूर्ण पारदर्शक काचही अडवू शकते, आणि नुसत्या गडद रंगाची काच ते अडवेलच असे नाही. उलट अशा काचेमागे अंधार झाल्याने बाहुली मोठी होते आणि नको ते किरण अधिकच आत शिरतात. माझा दीडशेचा गॉगल कोणत्या जातीचा होता, याचा विचार आता न केलेलाच बरा.

मी शंका काढताच त्याने खणातून एक कार्ड आणि निळसर प्रकाशाचा छोटा टॉर्च काढला. कार्डावरच्या चौकोनावर प्रकाश टाकला की तो जांभळा होतो आणि मध्ये गॉगल धरला की होत नाही. "बघा सर, पोलराइज्ड!" या प्रयोगातून जांभळ्या टोकाकडचे किरण अडतात एवढेच फार तर कळते, पोलरायझेशनशी त्याचा काही संबंध नाही. मी तोच गॉगल त्याच्या बिलिंगच्या संगणकासमोर धरून हळूहळू उभा फिरवला. काच पोलराइज्ड असती, तर एका कोनात पडदा काळा पडला असता. पडदा होता तसाच राहिला. तो मुलगा माझ्याहून जास्त चकित झाला. "आम्हाला हे कुणी दाखवलंच नाही, सर," तो म्हणाला. त्याला लागून तीन आठवडे झाले होते, त्याआधी तो मोबाइलची कव्हरे विकत असे, आणि इथे त्याला शिकवले होते ते दरपत्रक, चालू ऑफर आणि ट्रे लावण्याची पद्धत. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. राग आला तो टॉर्च विकत घेऊन देणाऱ्या, पण तो काय दाखवतो हे न सांगणाऱ्या मालकाचा. याच गावात चादर घ्यायला गेलात, तर विक्रेता पदर चिमटीत धरून सूत, वजन आणि रंग पक्का आहे की नाही हे न विचारता सांगतो. वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही दिला आहे. पण सांगणाऱ्यालाच तो ठाऊक नसेल, तर हक्क कोणाकडे मागायचा?

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या पन्नाशीच्या बाईंनी ट्रे काढण्याआधीच विचारले, "दादा, गॉगल कुठं घालणार? गाडीवर की गाडीत?"

माझे मन उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेवर होते. तीन हजारांची ती जोडी त्यांनीच बाजूला सारली. ही काच अतिनील किरणांवर काळी होते, त्यामुळे चारचाकीच्या पुढच्या काचेआड ती फारशी बदलत नाही. आणि हवा जितकी तापलेली तितकी ती कमी काळी होते, म्हणजे आपल्या मे महिन्यात ती पुरती गडद होणारच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी मला बाहेर पाठवून गाडीवरचे हेल्मेट आणवले आणि ते घातलेले असतानाच गॉगल चढवायला लावला. जाड दांड्यांच्या दोन फ्रेम तिथेच बाद झाल्या. शेवटी पातळ, सरळ दांडीची, करड्या रंगाची पोलराइज्ड काच ठरली. ती कॅटेगरी ३ ची आहे, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येऊ देते, आणि त्याहून गडद कॅटेगरी ४ घालून गाडी चालवायची नसते, हेही त्यांनी बिल करता करता सांगितले. किंमत अकराशे.

निघताना मी विचारले, "दुपारभर डिकीत ठेवला तर चालेल का?" त्या क्षणभर थांबल्या. "ते मला नक्की सांगता येणार नाही. विचारून कळवते." असे उत्तर मला कोणत्याही दुकानात मिळाल्याचे आठवत नाही, आणि माझा विश्वास बसला तो या वाक्याने, कॅटेगरीच्या आकड्यांनी नव्हे. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांचा फोन आला: बंद डिकीतल्या उष्णतेने काचेवरच्या कोटिंगला बारीक तडे जाऊ शकतात, तेव्हा तिथे ठेवू नका.

तेव्हापासून गॉगल त्याच्या टणक डबीत, जेवणाच्या पिशवीत, कडक भाकरीच्या शेजारी प्रवास करतो.