तुम्ही विचारलेत म्हणून: विश्वास उडाल्यावरही मी मत का देतो

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे दुकान आहे. पोलीस भरतीचे अर्ज भरायला, दाखल्यांच्या प्रती काढायला येणारी मुले तिथे बराच वेळ थांबतात आणि राजकारणावरचा माझा संताप त्यांनी अनेकदा ऐकलेला आहे. त्यामुळे मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून मी दुकान उघडले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "काका, एवढं सगळं बघूनही तुम्ही मत कशाला देता?" गिऱ्हाईक समोर उभे असताना याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

संताप खरा आहे. 2022 आणि 2023 या लागोपाठच्या वर्षांत राज्यातले दोन पक्ष फुटले, नाव आणि चिन्ह कोणाचे याचा निवाडा निवडणूक आयोगासमोर झाला, आणि ज्या चिन्हासमोरचे बटण मी 2019 मध्ये विचार करून दाबले होते ते माझ्या मताला न विचारता दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झालेला असताना माझ्या भावाने तो अडतीवर त्याहून पुष्कळ कमी भावाने घातला. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पाकिटे फिरतात. आमच्या घरी आलेले पाकीट मी परत पाठवले. पण ज्यांनी ठेवून घेतले त्यांच्या घरातली अडचण मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही मी जातो, आणि त्यामागचे कारण मला मतदानाने नव्हे, मतदान न होण्याने शिकवले. आमच्या नगरपालिकेची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, राज्यभरातल्या स्थानिक निवडणुका रखडल्या होत्या. पुढे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत त्या घेण्यास सांगितले आणि आमच्याकडे मतदान झाले ते 2 डिसेंबर 2025 रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे निवडून आलेल्या नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक होते. आमच्या गल्लीतली नाली तुंबून पाणी दोन घरांत शिरू लागले, तेव्हा मी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक पडला, आणि नंतर प्रत्येक फेरीला "प्रस्ताव वर पाठवला आहे" एवढेच ऐकायला मिळाले. समोरचा कारकून वाईट नव्हता. त्याला माझी गरज नव्हती, इतकेच.

जुन्या नगरसेवकाबद्दल माझे मत कधीच चांगले नव्हते. पण तो सकाळी ज्या हॉटेलात चहा घ्यायचा ते आम्हाला माहीत होते, त्याला चारचौघांत अडवून विचारता येत होते, आणि निवडणूक जवळ आली की का होईना, जेसीबी घेऊन तो नालीवर उभा राहत होता. माणूस प्रामाणिक नसला तरी तो आमच्याशी बांधलेला होता, आणि तो बांधणारा दोर आमच्या मतांचाच होता, हे दोर सुटल्यावर कळले.

यातला एक बारकावा मुलांना सहसा माहीत नसतो. तुम्ही कोणाला मत दिले हे गुप्त राहते, पण तुम्ही आलात की नाही हे गुप्त राहत नाही. केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी मतदारयादी पुढे घेऊन बसलेले असतात आणि एकेका नावावर खूण करत जातात. दुपारपर्यंत कोणत्या गल्लीतून किती बाहेर पडले याचा हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. मोजणीही यंत्रागणिक होते, म्हणजे प्रत्येक बूथवर कोणाला किती पडली हे कागदावर येते. ते आकडे पुढची पाच वर्षे पुढाऱ्यांच्या घरी वाचले जातात. ज्या वस्तीतून मतेच पडत नाहीत तिचा रस्ता अडला काय आणि झाला काय, कोणाचे काही बिघडत नाही. माझे मत म्हणजे उमेदवाराच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आमची गल्ली हिशेबात धरावी लागेल, एवढे मी त्या यंत्रावर लिहून येतो.

मग 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण का नाही, असेही विचारले जाते. 2013 पासून तो पर्याय आहे आणि मी एकदा वापरलाही आहे. 2019 च्या विधानसभेला शेजारच्या लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिला, सुमारे 27 हजार 500 मते घेऊन. पण विधानसभेला आणि लोकसभेला त्याची मते कितीही असली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. आता त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा: 2024 च्या लोकसभेला आमच्या बीड मतदारसंघाचा निकाल 6,553 मतांनी लागला. लाखांच्या मोजणीत एवढासा फरक असताना माझ्यासारख्या चार गल्ल्या घरी बसल्या तर काही होत नाही, असे मला म्हणवत नाही.

नोव्हेंबर 2024 ची एक गोष्ट मात्र कोणत्याही आकड्यापेक्षा माझ्या मनात जास्त रुतली आहे. त्या वर्षी गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता आणि विधानसभेचे मतदान 20 तारखेला होते. वस्तीवरच्या एका ऊसतोड जोडप्याने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, मुकादमाचे फोनवर फोन येत होते, तरी ते थांबले, रांगेत उभे राहिले आणि त्याच रात्री बिऱ्हाड घेऊन ट्रकमध्ये बसले. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या त्या बाईंना मी विचारले, तर म्हणाल्या, "यादीतून नाव कटलं तर उद्या रेशनवरून बी कटंल, काका." दोन्ही याद्या वेगळ्या असतात हे मी त्यांना समजावले. पण वर्षातले सहा महिने परक्या फडावर काढणाऱ्या बाईला सरकारच्या कागदावर आपले नाव जिवंत ठेवावेसे वाटते, ही त्यांची समज मला माझ्या सगळ्या वाचनापेक्षा खोल वाटली. माझी आजीही असेच बोलायची. निजामाच्या राज्यात तिचे मत कोणी विचारले नव्हते. 17 सप्टेंबर 1948 ला ती राजवट संपली, त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकली हे तिने आजोबांनाही शेवटपर्यंत सांगितले नाही.

2025 च्या डिसेंबरात मी ज्यांना मत दिले त्या निवडून आल्या नाहीत. निवडून आलेल्या बाईंकडे मी निकालानंतरच्या आठवड्यात जुन्या अर्जाची प्रत घेऊन गेलो. त्यांच्या यजमानांनी आधी गल्लीचे नाव विचारले, मग बूथ क्रमांक विचारला, आणि खिशातली घडी केलेली यादी काढून ते काही वेळ बघत राहिले. नंतर मला बसायला सांगितले. काम अजून झालेले नाही. सर्वसाधारण सभेची तारीख कळली की त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी गल्लीतले आणखी चौघे बरोबर येतो म्हणाले आहेत.