जेजू: काळा कातळ, वारा आणि समुद्रात उतरणाऱ्या आज्या

जेजूचा कार्यक्रम आखताना एक दिवस वाऱ्यासाठी मोकळा ठेवा. बाकीच्या सूचना पुढे येतीलच, पण ही सगळ्यात आधी, कारण आमचा चौथा दिवस वाऱ्यानेच ठरवला आणि त्या दिवशी जे पाहिलं ते आमच्या यादीत नव्हतंच.

आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी आत्या. आत्या सदुसष्ट वर्षांची, गुहागरच्या बाजूला समुद्राकाठी वाढलेली. गुडघे थोडे कुरकुरतात, पण चालायला तयार. दक्षिण कोरियाच्या दक्षिण टोकाखालचं हे ज्वालामुखीचं बेट आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सहा रात्री राहून पाहिलं. चार रात्री पूर्वेला सेह्वा गावात, दोन दक्षिणेला सोग्विपोत. बहुतेक लोक विमानतळाजवळच्या जेजू शहरात राहून रोज गाडीने बेटाला चकरा मारतात. माझं स्पष्ट मत आहे की पूर्वेच्या एखाद्या खेड्यात मुक्काम करा. सकाळी सात वाजता समुद्र दारात असणं आणि दीड तास बसने त्याच्याकडे जाणं यात फार फरक आहे.

आधी पोहोचण्याविषयी. मुंबईहून आपण सोलच्या इंचॉन विमानतळावर उतरतो, पण जेजूची विमानं मुख्यतः सोलच्याच गिम्पो या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. इंचॉन ते गिम्पो ट्रेनने साधारण पाऊण तास लागतो. इमिग्रेशनची रांग, सामान आणि ही ट्रेन धरून दोन विमानांत निदान पाच तास ठेवा. गिम्पो-जेजू हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक आहे आणि प्रवास तासाभराचा, त्यामुळे तिकिटं सहज मिळतात. शनिवार-रविवार आणि कोरियन सणांचे दिवस मात्र टाळा. सोलमार्गे जाणार असाल तर कोरियाचा व्हिसा आधीच हातात हवा.

आम्ही गाडी घेतली नाही. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि आम्हा दोघींनाही ती सवय करण्यात सुट्टी घालवायची नव्हती. बस उत्तम आहेत. 201 नंबरची बस पूर्व किनाऱ्याने आणि 202 पश्चिम किनाऱ्याने जेजू शहर ते सोग्विपो जाते. हे दोन नंबर लक्षात ठेवले की अर्धं बेट आपलं झालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून टी-मनी कार्ड घ्या, त्यात रोख पैसे भरा आणि चढताना-उतरताना दोन्ही वेळा ते यंत्राला लावा. गूगलचा नकाशा तिथे चालत जायचा रस्ता नीट दाखवत नाही. पहिल्या संध्याकाळी त्याच्या भरवशावर आम्ही एक थांबा आधीच उतरलो आणि अंधारात बॅगा ओढत वीस मिनिटं चाललो. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप निघण्यापूर्वीच फोनमध्ये टाकून ठेवा.

त्या वीस मिनिटांतच आत्याने जेजूचं पहिलं ओळखीचं चिन्ह शोधलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या, छिद्राछिद्रांच्या दगडांच्या छातीभर उंचीच्या भिंती होत्या, चुना-सिमेंट काही नाही. "हे तर गडगे," ती म्हणाली. खरंच गडगेच. तिथे त्यांना बातदाम म्हणतात. दगड मुद्दाम फटी ठेवून रचलेले असतात, म्हणजे वारा अडत नाही, गाळून जातो आणि भिंत कोसळत नाही. सकाळी मी एका फटीला तळहात लावून पाहिला. बारीक, गार झोत येत होता आणि भिंतीपलीकडे गाजराचा पाला जेमतेम हलत होता. या शेतभिंतींच्या पद्धतीला 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक वारसा शेतीत स्थान दिलं. दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, बेसाल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तर हे अख्खं बेट वीस लाख वर्षांच्या आतलं. म्हणून तो अजून खडबडीत आहे, हाताला टोचतो.

दुसऱ्या दिवशी सोंगसान इलचुलबोंग. नावाचाच अर्थ सूर्योदयाचं शिखर. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उथळ समुद्रात झालेल्या उद्रेकातून हा 182 मीटरचा खडक वर आला. माथ्यावर वाटीसारखं विवर, कडेला दातेरी सुळके, आत हिरवं गवत. 2007 साली हाल्लासान हा डोंगर आणि लाव्हाच्या गुहांसोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. चढाई पायऱ्यांची आहे. तरुणांना वीस-पंचवीस मिनिटं, आत्याला बसत-उठत चाळीस लागली. तिकीट पाच हजार वोन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बंद असतो. सूर्योदयासाठी जायचं तर आदल्या रात्री सोंगसानातच राहा, पहिल्या बसने ते जमत नाही. आम्ही आठ वाजता गेलो आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उतरताना खालच्या काळ्या किनाऱ्याकडे जाणारी वाट अजिबात सोडू नका. तिथून अख्खा कडा समुद्रातून उठलेला दिसतो. मांजांगगुल ही लाव्हाची प्रसिद्ध गुहा आम्ही गेलो तेव्हा बंद होती, तुम्ही निघण्यापूर्वी चौकशी करा.

आता हेन्यो. जेजूला मी खरं तर यांच्यासाठीच गेले होते.

हेन्यो म्हणजे समुद्रातल्या बायका. प्राणवायूची नळकांडी न घेता, नुसता श्वास रोखून दहा-दहा मीटर खाली जायचं आणि आबालोन (खडकाला चिकटलेला मोठा शिंपला), शंख, समुद्री शेवाळ काढायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. 2016 साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त वारशाचा मान दिला. साठच्या दशकात त्या वीस हजारांहून जास्त होत्या, आता तीन हजारांहून कमी उरल्या आहेत आणि बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत. सेह्वापासून चालत जाण्याजोग्या हादो गावात त्यांचं संग्रहालय आहे. आधी ते पाहा, मग किनाऱ्यावर जा, म्हणजे जे दिसतं त्याचा अर्थ लागतो. तरंगता गोळा तो तेवाक, त्याला लटकलेली जाळी मांगसारी, आबालोन खडकावरून सोडवायची लोखंडी पट्टी बितचांग. किनाऱ्यावर दगडांचं गोल, बिनछपराचं कुंपण दिसलं तर तो बुलतोक. मधे शेकोटी पेटवून बायका तिथे कपडे बदलायच्या आणि कोणी कुठे उतरायचं ते ठरवायच्या. संग्रहालयाशेजारी 1932 च्या आंदोलनाचं स्मारक आहे. जपानी राजवटीत मालाला पडेल भाव देऊन चाललेल्या लुटीविरुद्ध या बायका तेव्हा सेह्वाच्या बाजारात उतरल्या होत्या.

किनाऱ्यावर आम्हाला आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. पाणी शांत होतं आणि एकदम शीळ वाजली. उंच, बारीक, शेवटी तुटणारी. मग दुसरीकडून दुसरी. वर आल्यावर छातीत कोंडलेली हवा सोडतानाचा हा आवाज, सुंबिसोरी. नारिंगी तेवाकाशेजारी काळं डोकं वर यायचं, शीळ वाजायची, दोन श्वास, की पुन्हा पाय आकाशाकडे करून बाई खाली. मी मोजलं तेव्हा एकीला वर यायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला. तेवढ्यात आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती नकळत स्वतःचाही श्वास रोखून उभी होती.

अकराच्या सुमारास एक आजी जाळी ओढत खडकावर आल्या. कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, गालांवर मुखवट्याचा लाल वण. जाळीत मुठीएवढे काटेरी शंख. आत्याने लहानपणी आईबरोबर ओहोटीला कालवं काढली आहेत. ती काही न बोलता जवळ गेली आणि आपल्या उजव्या अंगठ्यावरचा कालवाच्या कोयतीचा जुना व्रण दाखवला. आजींनी तो नीट पाहिला, मग स्वतःचा हातमोजा काढून आपला तळहात पुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. थोड्या वेळाने आजींनी पिशवीतून दोन संत्री काढून आत्याच्या ओंजळीत ठेवली.

तुम्ही जाल तेव्हा एवढं पाळा: विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि खडकावरचे शंख-शिंपले स्वतः काढू नका. तो किनारा गावच्या सामाईक हक्काचा आहे, त्यावर त्यांचं घर चालतं. इलचुलबोंगच्या पायथ्याशी दुपारी पर्यटकांसाठी हेन्योंचं प्रात्यक्षिक असतं. वेळ कमी असेल तर ते पाहा, पण हादोची सकाळ मिळाली तर तीच घ्या.

चौथ्या दिवशी आम्ही उदो या शेजारच्या बेटावर जाणार होतो. सोंगसान बंदरात पोहोचलो तर वाऱ्यामुळे सगळ्या बोटी रद्द. मग आम्ही बस बदलत 4.3 शांती उद्यानात गेलो. हा आकडा म्हणजे 3 एप्रिल 1948 ही तारीख. त्या दिवशी झालेल्या उठावानंतर, 1954 पर्यंत चाललेल्या दडपशाहीत पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे तेव्हाच्या बेटातली दर दहांतली जवळजवळ एक. डोंगराकडची गावंच्या गावं जाळली गेली. नंतर कित्येक दशकं याविषयी बोलणंही गुन्ह्यासारखं होतं. 2003 साली राष्ट्राध्यक्षांनी बेटावर येऊन माफी मागितली, आणि 2025 मध्ये या घटनेची कागदपत्रं युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली.

संग्रहालयात सुरुवातीलाच एक पांढरी शिळा आडवी ठेवलेली आहे. तिच्यावर एकही अक्षर नाही. या घटनेला योग्य नाव मिळेल तेव्हा ते कोरून शिळा उभी केली जाईल, असं शेजारी लिहिलंय. बाहेर काळ्या दगडांच्या गोल भिंतीने आत जात गेलं की मधे बर्फात बसलेल्या आईचं शिल्प आहे, तान्ह्या मुलीवर वाकलेली. पंचवीस वर्षांची ती आई आणि दोन वर्षांची लेक 1949 च्या जानेवारीत या डोंगरात गोळ्यांना बळी पडल्या. भिंतीवर जेजूच्या बोलीतलं अंगाईगीत कोरलेलं आहे. आम्ही तिथून लवकर निघू शकलो नाही. प्रवेश मोफत आहे, काही सोमवारी बंद असतं. निदान तीन तास द्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. समुद्रकिनारे पाहून परतणाऱ्यांना मला हेच सांगायचंय: ज्या आज्या आपल्याला हसून संत्री देतात, त्यांचं बालपण या काळात गेलंय.

पाचव्या दिवशी वारा पडला आणि उदो झालं. बोट पंधरा मिनिटांची, अर्ज भरावा लागतो, पासपोर्ट जवळ हवा. शेंगदाण्याचं आइस्क्रीम चांगलं आहे, पांढऱ्या किनाऱ्यावरचं पाणी सुंदर आहे, विजेच्या तीनचाकी भाड्याने मिळतात पण चालवणारे फार बेफिकीर असतात, आम्ही बेटावरची बसच घेतली. अर्धा दिवस पुरतो.

सोग्विपोहून हाल्लासान. 1,947 मीटरचा हा दक्षिण कोरियातला सर्वांत उंच डोंगर. माथ्याच्या दोन वाटा, सोंगपानाक आणि ग्वानुमसा, आगाऊ नोंदणीशिवाय माथ्यापर्यंत चढता येत नाहीत आणि अख्खा दिवस खातात. आत्या असल्याने मी योंगशिलची वाट निवडली. ती माथ्यापर्यंत जात नाही, 1,700 मीटरवरच्या वित्से ओरुमला थांबते, पण माझ्या मते दृश्यात ती कुणाला हार जाणार नाही. सोग्विपोजवळच्या जुंगमुनहून 240 नंबरची बस आहे. बसथांब्यापासून खऱ्या पायथ्यापर्यंत अडीच किलोमीटर डांबरी चढ आहे, तिथे टॅक्सी मिळाली तर घ्या आणि गुडघे वाचवा. वाटेत उजवीकडे सुळक्यांची रांग दिसते, पाचशे सेनापती. जेजू घडवणाऱ्या सोलमुंदे हालमांग या महाकाय आजीचे ते पाचशे लेक. दुष्काळात लेकरांसाठी पेज शिजवताना ती कढईत पडली. लेकांनी नकळत तीच पेज खाल्ली, आणि कळल्यावर रडत रडत दगड झाले. आत्या निम्म्या पायऱ्यांवर थांबली, लाल-पिवळी झाडी पाहत बसली आणि माझ्यासाठी तीन तास तिथेच राहिली. वर खायला काही मिळत नाही, पाणी आणि डबा न्या. चढाईच्या वेळा ठरलेल्या असतात आणि ऋतूनुसार बदलतात, उशिरा आलेल्यांना परत पाठवतात.

सोग्विपोतले धबधबे थोडक्यात: जोंगबांग थेट समुद्राकाठी कोसळतो, तोच पाहा. चोनजियोन संध्याकाळी फिरायला बरा. जुसांगजोल्ली या किनाऱ्यावरचे बेसाल्टचे षट्कोनी खांब पाहताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवली. जेजूत तसेच खांब समुद्रात उभे आहेत आणि लाटा त्यांच्यावर फुटतात.

जेवणाविषयी सगळे विचारतात. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. गाल्ची जोरिम नावाचं तिखट कालवण समोर आलं तेव्हा आत्याने तुकडा उलटून पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर वाकटी!" चंदेरी, पट्ट्यासारखा तोच मासा, मुळ्याबरोबर शिजवलेला. सकाळी आबालोनची पेज घ्या, पोटाला हलकी असते. शाकाहारी लोकांनी मात्र तयारीने जावं. किमचीत आणि साध्या सारातही मासळी असते. "गोगी प्पेजुसेयो" म्हणजे मांस काढा, पण तेवढ्याने मासळी जात नाही. सोमवारी आत्याने भात, तीळ-मीठ आणि घरून नेलेलं मेतकूट खाल्लं. लाडू, मेतकूट, दशम्या नक्की न्या.

महिने निवडताना: मार्चअखेर ते एप्रिल पिवळ्या मोहरीसारख्या फुलांचा, जुलै ते सप्टेंबर पावसाचा आणि वादळांचा, तो टाळावा. ऑक्टोबर चालायला उत्तम. आम्ही परतताना संत्री अजून अर्धी हिरवीच होती, नोव्हेंबरअखेर बागा पिकतात. आत्याला तेव्हा पुन्हा जायचंय, हादोच्या आजींसाठी आमसुलं घेऊन. मी तारखा बघतेय.