तुम्ही विचारलंत म्हणून: वही मिटवून

"मॅडम, तुम्ही पोलिसांच्या बाजूच्या की त्या लोकांच्या?" सोलापुरात कुठेही बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. वीस वर्षं विमुक्त, म्हणजे एकेकाळी कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या, जमाती आणि पोलीस यांच्यावर संशोधन करते आहे, त्यामुळे विचारणं रास्तच आहे.

सेटलमेंट ही सोलापुरातली वस्ती; नाव घेतलं की आपल्याकडे रिक्षावाला न विचारता नेतो. त्या पत्त्यामागे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. पारधी, कैकाडी, टकारी, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली माणसं इथं तारेच्या आत राहायची. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत तारेत. ३१ ऑगस्ट १९५२ला देशभर कायदा गेला. १९५९मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नोंदवही चालूच राहिली.

पहिल्याच वर्षी एका आजींकडे गेले. चटई टाकली, पाणी दिलं. मी नाव, वय, गाव विचारायला लागले तशा त्या म्हणाल्या, "बाई, आधी ती वही मिटव." महिन्याभरात त्यांच्या मुलाला दोनदा रात्री उचललं होतं. कुठं घरफोडी झाली की पहिली गाडी त्यांच्याच गल्लीत. दोन्ही वेळा सकाळी सोडलं. ना गुन्हा, ना अटकेचा कागद. कागद नाही, म्हणजे माझ्या अभ्यासाच्या भाषेत ती रात्र झालीच नव्हती! तेव्हापासून मी आधी वही मिटवून बसते. आजींचं नाव आजही माझ्या कुठल्याही कागदावर नाही.

पुढे एका हवालदारांबरोबर बसले. रात्रपाळीत सराईत गुन्हेगारांच्या यादीतली घरं तपासायची, सही आणायची. "यादी मी नाही केली. पण घर चुकलं तर मेमो मला." त्या यादीतले दोघं केव्हाच वारले होते. मी आहे ती या यादीच्या विरोधात. ती आजींची झोप मोडते आणि हवालदारांचीही.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांनाही बजावलं. तेवढा भाग मराठीत उतरवून मी वस्तीत वाचला. आजींच्या नातवानं झेरॉक्स मागितली, आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली आणि विचारलं, "यावर शिक्का कुठं मिळंल?"