८-१ पासून २-१ पर्यंत : ऑयलर्सचा सीजन आणि आमची बर्फ फॅक्टरी

सध्या, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, मासेमारी बंद आहे, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे आमची बर्फ फॅक्टरी पण बंद. कॉम्प्रेसर खोलून ठेवलाय, कॅन उलटे घालून घासून रंगवायचं काम चाललंय, बाहेर पाऊस असा की मालवणच्या बंदरावर उभं राहिलं तर समोरचा सिंधुदुर्ग किल्ला दिसत नाही. एरवी मला दोन ओळी लिहायला पण वेळ नसतो. आता आहे, आणि एडमंटन ऑयलर्स या कॅनडातल्या आइस हॉकी टीमच्या सीजनबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. फायनल संपून महिना होत आला तरी ते डोक्यातून जात नाहीये.

इकडे आइस हॉकी कोण बघतो असं सगळेच विचारतात. माझी मावसबहीण २०१९ ला नर्सिंगच्या नोकरीसाठी एडमंटनला गेली, तिच्यामुळे लागलं हे वेड. सुरुवातीला ती नुसते व्हिडिओ पाठवायची, मग मी मॅच बघायला लागलो, आणि मग एक दिवस लक्षात आलं की मी खेळाडूंइतकाच त्यांच्या पायाखालचा बर्फ बघतोय. तीन पिढ्या आमचा धंदाच तो आहे ना. आमच्याकडे कॅनमध्ये पाणी भरून मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत सोडतात, लादी धरायला एक अख्खा दिवस जातो. त्यांच्याकडे काँक्रीटच्या स्लॅबच्या पोटात पाइप असतात, त्यातून गार द्रावण फिरत राहतं आणि वर पाण्याचे पातळ पातळ थर देत जेमतेम एक इंच बर्फ धरतात, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. मधल्या ब्रेकमध्ये झांबोनी नावाची गाडी फिरते, ती वरचा खरवडलेला थर कापून घेते आणि मागून गरम पाणी सोडते. गरमच का, तर गरम पाण्यात हवा कमी असते आणि ते खालच्या बर्फाला जरासं वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. लादीच्या मधोमध जो पांढरा पट्टा दिसतो तो अडकलेल्या हवेचाच, आणि तिथेच लादी आधी फुटते. हे ज्याला माहीत आहे त्याला हा खेळ वेगळाच दिसतो.

तर सीजन.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिलीच मॅच व्हँकुव्हरला, आणि ८-१ ने हरले. ज्या टीमला सगळे यंदा स्टॅनली कप, म्हणजे लीगचा सगळ्यात मोठा कप, जिंकणार म्हणत होते ती टीम. मला वाटलं होईल एखादा दिवस असा. पण मग हरतच गेले. मधे २९ ऑक्टोबरला उघड्या स्टेडियममध्ये कॅल्गरीला ५-२ हरवलं तेव्हा जरा जीव आला, पण ९ नोव्हेंबरला सॅन होजेकडून ३-२ ने हरले, आणि सॅन होजे तेव्हा अख्ख्या एनएचएल लीगमध्ये तळाला होती, पहिल्या अकरा मॅचमध्ये एकही न जिंकलेली. ताईचा त्या दिवशी मेसेजच आला नाही. तीन दिवसांनी कोच जे वुडक्रॉफ्टला काढलं. तेव्हाचा हिशोब ३ जिंकल्या, ९ हरल्या, १ ओव्हरटाइममध्ये हरली.

नवा कोच क्रिस नॉब्लॉक. खालच्या लीगमधून आणलेला, पण ऑयलर्सचा कॅप्टन मॅकडेव्हिड पोरगा असताना इरी नावाच्या ज्युनियर टीममध्ये हाच त्याचा कोच होता. लोक म्हणाले मॅकडेव्हिडला बरं वाटावं म्हणून आणला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, कारण हा माणूस आल्यावर आरडाओरडा काही झालाच नाही. आमच्याकडे घाईच्या दिवसात, म्हणजे होड्या रांगेत उभ्या असतात तेव्हा, टाकी जास्त गार करून लादी लवकर काढायचा मोह होतो. तशी काढली की लादीला आतून तडे जातात, चुरा करायला घेतली की भलतीकडेच फुटते. नॉब्लॉकने टाकी जास्त गार केली नाही, मी ताईला असंच लिहिलं होतं, आणि ती एवढ्या दूर राहूनही तिला लगेच कळलं मला काय म्हणायचंय ते.

नोव्हेंबरच्या शेवटी सुरू करून सलग आठ जिंकले. मग तीन हरले. आणि मग २१ डिसेंबरपासून सलग १६.

त्यांच्या घरची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचे साडेसात. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमचा भर सीजन, क्रशरचा आवाज, टेम्पो, खोकी, पायात गमबूट, आणि फोन कॉम्प्रेसरच्या खोलीत प्रेशर गेजच्या शेजारी खिळ्याला लटकवलेला. मी गेज बघायला जायचो आणि स्कोअर बघून यायचो. काम करणारी पोरं पण विचारायला लागली, आज किती झाल्या म्हणून. नऊ, दहा, अकरा. गंमत म्हणजे हे जिंकणं काही धडाकेबाज नव्हतं, दहा-दहा गोल मारले असं नाही. बहुतेक मॅचमध्ये त्यांनी दोन किंवा त्याहून कमी गोल खाल्ले, एवढंच. गोलकीपर स्टुअर्ट स्किनर, एडमंटनचाच पोरगा, नोव्हेंबरात ज्याच्यावर सगळे तुटून पडले होते, तोच उभा राहिला. १९९२-९३ मध्ये पिट्सबर्गने सलग १७ जिंकल्या होत्या, तो लीगचा रेकॉर्ड, आणि आमचे १६ वर थांबले, ६ फेब्रुवारीला व्हेगासने ३-१ ने हरवलं. एका मॅचने राहिलं. तेव्हा कुठे माहीत होतं की हे 'एकाने राहिलं' पुढे परत यायचंय.

बाकी रेग्युलर सीजनचं पटकन सांगतो. ४९ जिंकल्या, १०४ पॉइंट, डिव्हिजनमध्ये दुसरे. हायमनने ५४ गोल मारले, मॅकडेव्हिडने १०० असिस्ट केले, म्हणजे दुसऱ्याला गोल करायला शंभर वेळा पास दिला. याआधी हे फक्त ग्रेट्झकी, लेम्यू आणि ऑर या तिघांनाच जमलं होतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे जो आधी चार मॅच जिंकेल तो पुढे अशा बादफेऱ्यांत, लॉस एंजेलिसला हरवलं पाच मॅचमध्ये, व्हँकुव्हर सात मॅचमध्ये (हो, तेच ८-१ वाले, आणि ३-२ ने मागे असताना), मग डॅलस सहा मॅचमध्ये. डॅलसच्या शेवटच्या मॅचमध्ये समोरच्यांचे ३५ शॉट आणि आपले १०, तरी २-१ ने जिंकले. ती मॅच मी श्वास रोखून बघितली.

आणि फायनल फ्लोरिडाशी. फोर्ट लॉडरडेलजवळच्या सनराइजला, माडाच्या झाडांच्या गावात, जूनच्या उकाड्यात बर्फाची मॅच. या फायनलसाठी आबा माझ्याबरोबर बसायला लागले. चाळीस वर्षं बर्फ काढलेला माणूस, बंदीच्या दिवसात पहाटे उठायची सवय काही जात नाही, आणि मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला.

"ह्यो बर्फ केवढो जाड?" आबांचा पहिला प्रश्न.

"एक इंच, आबा."

"एकच? आणि भायर आमच्यासारखी गरमी? मगे ह्येंका दरवाजो उघडो ठेवूक परवडाचा नाय." आणि मॅचभर त्यांचं लक्ष त्यावरच. पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, बर्फावर उड्या मारायला लागला की म्हणायचे, बघ, वरचा थर मऊ झालो. पक मॅचच्या आधी मुद्दाम गोठवून ठेवतात, उडू नये म्हणून, हे सांगितलं तर खूश झाले.

पहिली ३-० ने गेली, दुसरी ४-१, तिसरी घरी ४-३. तीन-शून्य. फायनलमध्ये तीन-शून्यवरून परत येऊन कप जिंकणारी टीम इतिहासात एकच, १९४२ ची टोरांटो. ताईने लिहिलं, "संपला रे." मी काहीच उत्तर दिलं नाही.

चौथी मॅच. ८-१. आपल्या बाजूने! ज्या आकड्याने सीजन सुरू झाला होता तोच आकडा, उलटा. मी ओरडलो तर आई आतून धावत आली, तिला वाटलं कोणी पडलं. मॅकडेव्हिडचे त्या मॅचमध्ये गोल आणि असिस्ट मिळून चार पॉइंट, पुढच्या मॅचमध्ये परत चार, ती पाचवी फ्लोरिडात जाऊन ५-३ ने जिंकली. सहावी घरी ५-१. एडमंटन ते सनराइज म्हणजे ४,००० किलोमीटरच्या वर, आणि दोन्ही टीम हे सारखं ये-जा करत होत्या. तीन-शून्यवरून तीन-तीन, १९४५ नंतर फायनलमध्ये पहिल्यांदाच. ताईच्या हॉस्पिटलात म्हणे पेशंटसुद्धा जर्सी घालून बसले होते. कॅनडाच्या टीमने कप जिंकून १९९३ पासून इतकी वर्षं झालीयत, आणि एडमंटनने तर १९९० पासून.

सातवी मॅच. आपल्याकडे २५ जूनची पहाट. रात्रीपासून धो धो पाऊस, आणि पाच वाजता लाईट गेली. फोनला ७० टक्के चार्ज होता. ओसरीवर खुर्च्या टाकून मी आणि आबा, मधे फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, पत्र्यावर पाऊस इतका की कॉमेंट्री ऐकूच येत नव्हती, नुसतं बघत होतो. फ्लोरिडाच्या व्हरहेगीने गोल केला, दोनच मिनिटांत आपल्या यानमार्कने बरोबरी केली. दुसऱ्या पिरियडमध्ये फ्लोरिडाच्या राइनहार्टचा गोल, २-१. आणि मग तो तिसरा, शेवटचा पिरियड. वीस मिनिटं आपली पोरं नुसती त्यांच्या गोलवर आदळत होती, त्यांचा गोलकीपर बॉब्रोव्स्की सोडत नव्हता. एकदा पक गोलच्या तोंडाशी नुसता पडला होता, मॅकडेव्हिडची स्टिक तिथे पोचायला वीतभर कमी पडली, आबा खुर्चीतून अर्धे उठलेले तसेच राहिले. रेंज जायची, गोल गोल फिरायचं, परत यायची. एका वेळी रेंज आली तेव्हा फ्लोरिडावाले हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज हवेत फेकत होते.

मग जाहीर झालं की प्लेऑफचा सगळ्यात चांगला खेळाडू मॅकडेव्हिड. ४२ पॉइंट, त्यात ३४ असिस्ट, एका प्लेऑफमध्ये इतके आजवर कोणीच केले नव्हते. हरलेल्या टीमच्या माणसाला ती ट्रॉफी फार क्वचित मिळते, गोलकीपर सोडला तर आधी एकदाच, १९७६ मध्ये रेजी लीचला. आणि मॅकडेव्हिड ती घ्यायला बाहेर आलाच नाही. यावर लोकांनी बरंच काय काय लिहिलं, उद्धटपणा म्हणे. मला नाही वाटत तसं. ज्याने ऑक्टोबरपासून एकाच गोष्टीसाठी जीव काढला, त्याने ती गोष्ट समोरचे हातात धरून नाचत असताना दुसरी कसली ट्रॉफी घ्यायला यायचं? मी असतो तर मीही आलो नसतो. रापण ओढून रिकामी आली की आमचे लोक कोणाशी बोलत नाहीत, जाळं गुंडाळतात आणि घरी जातात. त्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

आबा तसेच फोनकडे बघत बसले होते. चार्ज ११ टक्के उरला होता.

ताईचा मेसेज दुपारी आला, तिच्याकडे रात्र. रडून झालं होतं बहुतेक. "उठलंस मां? पावस आसा काय थंय?" एवढंच. मी म्हटलं आहे, खूप आहे. मग ती म्हणाली खिडकीतून रस्ता दिसतोय, लोक जर्सी घालून शांतपणे घरी चाललेत, एक लहान मुलगा बापाच्या खांद्यावर झोपलाय. त्यानंतर आम्ही फोनवर तासभर बोललो, हॉकीचं एक अक्षर नाही, नुसतं फणस आणि मावशीच्या गुडघ्याचं.

काल कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह बसवले. ३१ च्या तीन-चार दिवस आधीच टाकीतलं मिठाचं पाणी गार करायला लावणार, म्हणजे १ तारखेला निघणाऱ्या होड्यांना बर्फ मिळेल. आबांनी सकाळी गेजच्या शेजारचा तो खिळा हलवून बघितला, सैल झाला होता, हातोडी आणून परत ठोकला.